टायटलवरची तारीख

१६ मे २०२३, सकाळचे साडेदहा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन स्पीकरला लावून आम्ही दोघं बसलो होतो. दिवाळखोरीचा अर्ज दाखल केल्यावर घेणेकऱ्यांची म्हणून एक सभा होते, ती तेव्हा फोनवरच होत असे. घेणेकरी एकही आला नव्हता. आमच्या वकीलबाई लाइनवर होत्या आणि पलीकडे ट्रस्टी, म्हणजे दिवाळखोरीचं प्रकरण सांभाळायला सरकारनं नेमलेला माणूस. त्यानं शपथ दिली, नाव-पत्ता विचारला, मालमत्तेची यादी तुम्ही स्वतः वाचून सही केलीत ना, असं विचारलं. सगळं एका सुरात. मग तो जरा थांबला आणि आमच्या दोन गाड्यांकडे, कॅम्री आणि ओडिसीकडे, आणि त्यांच्यावरच्या लीनकडे, म्हणजे कर्जाच्या बोजाकडे, वळला.

"कॅम्रीवर ज्यांचा लीन आहे त्यांचं आणि तुमचं आडनाव एकच दिसतंय. कोण लागतात ते तुमचे?"

"धाकटा भाऊ," नवरा म्हणाला.

"त्यांनी पैसे कधी दिले?"

"डिसेंबर २०२१."

"आणि लीन नोंदवला २ सप्टेंबर २०२२ ला."

"हो."

कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग प्रश्न माझ्याकडे आला. "ओडिसीचं कर्ज १२ डिसेंबरचं. टायटलवर नोंद २ फेब्रुवारीची. मधल्या दिवसांत काय झालं?"

मला खरंच माहीत नव्हतं. ती २ फेब्रुवारी मी पहिल्यांदाच ऐकत होते. तसंच सांगितलं. नऊ मिनिटांत सभा संपली आणि दहा मिनिटांनी वकीलबाईंचा फोन आला. नेहमी भरभर बोलणाऱ्या बाई त्या दिवशी एकेक शब्द सावकाश उच्चारत होत्या. दोन्ही गाड्या हातच्या जाऊ शकतात, असं त्यांनी सांगितलं.

ओहायोत, कोलंबसच्या एका उपनगरात आमचं किराणा दुकान होतं. २०१९ मध्ये सुरू केलं. पुढच्या बाजूला चहा-वडापावचं काउंटर, मागे डाळी, पिठं, मसाले, फ्रीझरमध्ये मोदक आणि पुरणपोळ्या. वर्षभरात कोविड आला. किराणा विकला जायचा, पण काउंटर बंद पडलं आणि नफा काउंटरवरच होता. जागेच्या भाड्याला आम्ही दोघांनी व्यक्तिगत हमी दिली होती, मालाचे पैसे क्रेडिट कार्डांवर फिरत होते. २०२२ च्या शेवटी दुकान बंद केलं तेव्हा डोक्यावर पावणेदोन लाख डॉलरच्या आसपास देणं होतं. नवरा एका गोदामात रात्रपाळीला लागला. मी आधीपासून एका दवाखान्यात बिलिंगचं काम करते. मार्च २०२३ मध्ये एका कार्ड कंपनीनं कोर्टाचा हुकूम आणला आणि त्याच्या पगाराचा चौथा हिस्सा परस्पर कापला जाऊ लागला. तेव्हा आम्ही चॅप्टर ७ ला, म्हणजे मालमत्ता विकून घेणेकऱ्यांत वाटायच्या दिवाळखोरीला, गेलो. अर्ज पडला १४ एप्रिल २०२३, शुक्रवारी. फी ३३८ डॉलर.

इथे लीन म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगते. शेतजमिनीवर सोसायटीचं कर्ज काढलं की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो. गाडी कर्जावर घेतली की आरसी बुकात बँकेचं नाव येतं, त्याला आपण एचपी म्हणतो. अमेरिकेत गाडीच्या मालकीचा कागद म्हणजे टायटल, आणि त्यावर सावकाराचं नाव चढलं की तो लीन. ओहायोत हे काम गाड्यांच्या खात्याकडे नसून काउंटीच्या क्लार्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल ऑफिसात चालतं. कर्जाच्या करारावर तुम्ही सही कुठल्याही दिवशी करा, क्लार्कनं टायटलवर किंवा आपल्या संगणकात नोंद करेपर्यंत बाकीच्या जगाच्या दृष्टीनं तो बोजा पक्का होत नाही. आमचं सगळं प्रकरण या एका गोष्टीवर फिरलं.

आधी कॅम्रीची हकीकत.

दुकानाला पहिला मोठा फटका बसला तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, १४ हजार डॉलर पाठवले. लिखापढी काही नाही. "दादा, जमेल तेव्हा दे," एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात दुकान जातंय हे आम्हाला दिसायला लागलं आणि नवऱ्याची झोप उडाली. बँकांचं, कार्डांचं त्याला तितकं वाटत नव्हतं. भावाचं वाटत होतं. भाऊजींनाही घराचे हप्ते होते, मुलगी कॉलेजला जाणार होती. कुणीतरी सांगितलं की गाडीवर भावाचा लीन चढव, म्हणजे बाकी सगळं बुडालं तरी त्याचे पैसे सुरक्षित राहतील. कॅम्रीवर एका पैशाचं कर्ज नव्हतं. बाजारभाव साडेतेरा हजारांच्या आसपास.

२ सप्टेंबरला आम्ही टायटल ऑफिसात गेलो. मी सोबत गेले होते म्हणून मला ते काउंटर आठवतं: काचेमागे एक वयस्क बाई, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा. नवऱ्यानं टायटल आणि दोन पानांचा करार दिला. तिनं नाव दोनदा विचारून घेतलं, पंधरा डॉलर घेतले, आणि प्रिंटरमधून नवा कागद काढून आमच्यापुढे सरकवला. मालकाच्या नावाखाली एक चौकट असते. तिथे भाऊजींचं नाव, एडिसनचा पत्ता आणि तारीख आली होती. नवऱ्यानं त्या चौकटीचा फोटो काढून तिथूनच भावाला पाठवला. कित्येक महिन्यांनी त्या दिवशी दुपारी तो पोटभर जेवला. आपण धर्माचं काम केलं, असं आम्हा दोघांनाही मनापासून वाटत होतं. आजही ते चुकीचं होतं असं माझ्यानं म्हणवत नाही.

पण दिवाळखोरीच्या कायद्याचा हिशोब वेगळा आहे, आणि तो आम्हाला वकीलबाईंनी अर्जाआधीच समजावला होता. बुडणाऱ्या माणसानं शेवटच्या दिवसांत एकाच घेणेकऱ्याला इतरांच्या पुढे काढलं, तर ट्रस्टी ते उलटवू शकतो. याला प्रेफरन्स म्हणतात. देणं आधीचं असलं पाहिजे, त्यापोटी काही दिलं गेलं असलं पाहिजे, देणारा त्या वेळी नादार, म्हणजे मालमत्तेपेक्षा देणी जास्त असलेला, असला पाहिजे, आणि त्या देण्यामुळे त्या एकाच्या पदरात दिवाळखोरीतल्या वाटणीपेक्षा जास्त पडत असलं पाहिजे. मुदत अर्जाच्या आधीच्या ९० दिवसांची. घेणेकरी जवळचा नातेवाईक असेल तर पूर्ण एक वर्षाची. सख्खा भाऊ त्यात येतोच, वहिनीच्या नात्यानं माझे दीरही येतात. आमची २ सप्टेंबर अर्जाच्या साडेसात महिने आधीची.

"पण आम्ही कुणाला फसवायला नाही केलं," मी म्हणाले होते.

"फसवणुकीचं कलम निराळं आहे. हे कलम हेतू विचारतच नाही," बाई म्हणाल्या. जुन्या कायद्यात, म्हणजे १९७८ च्या आधी, घेणेकऱ्याला समोरचा नादार असल्याची कल्पना होती का, हे पाहत. नवा कायदा आला तेव्हा ९० दिवसांच्या मुदतीसाठी ती अट गेली, नातेवाइकांच्या लांब मुदतीसाठी मात्र राहिली. १९८४ मध्ये तीही काढली. आता भाऊजींना काही माहीत होतं की नव्हतं, याला किंमत नाही.

सप्टेंबरपर्यंत थांबलो असतो तर वर्ष उलटलं असतं. तेही बाईंनी सांगितलं होतं. पण दर पंधरवड्याला पगार कापला जात होता, सहा महिने तसे काढणं शक्य नव्हतं. तेव्हा कॅम्रीचा धोका आम्ही डोळे उघडे ठेवून पत्करला. यादीत लीनही लिहिला, नातंही लिहिलं. गेल्या वर्षभरात कुणा नातलगाला काही दिलंत का, हा प्रश्न अर्जात छापलेलाच असतो.

ओडिसीचं तसं नव्हतं. ते आम्हाला कळलंच नाही.

ओडिसी माझ्या नावावर होती, २०२० मध्ये कर्जावर घेतलेली, महिन्याला ६१० डॉलर हप्ता. २०२२ च्या डिसेंबरात एका सावकारी संस्थेनं तेच कर्ज कमी हप्त्यावर फिरवून दिलं: ४३० डॉलर. एकशे ऐंशी डॉलर म्हणजे तेव्हा आमचा महिन्याचा भाजी-दूध-अंड्यांचा खर्च. १२ डिसेंबरला मी सही केली, चार दिवसांत जुन्या बँकेचे पैसे फिटले, तिचा बोजा उतरला. नव्या संस्थेचं नाव तेव्हाच चढलं असेल, असं मी धरून चालले. वकीलबाईही तसंच धरून चालल्या. प्रत्यक्षात कुणाच्या तरी टेबलावर कागद पडून राहिला आणि क्लार्ककडे नोंद झाली ती २ फेब्रुवारीला. बावन्न दिवसांनी.

सभेनंतरच्या आठवड्यात आम्ही बाईंच्या ऑफिसात गेलो तेव्हा त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आडवं ठेवलं. पेन्सिलीनं १२ डिसेंबरला गोल केला. तिथून तीस दिवस मोजले, ११ जानेवारी. "इथपर्यंत नोंद झाली असती, तर कायद्यानं बोजा १२ डिसेंबरलाच बसला असं मानलं असतं. कर्ज आणि तारण एकाच दिवशी. मग जुनं देणं कुठलं?" मग २ फेब्रुवारीला गोल. "तीस दिवस उलटले की कायदा मागे पाहत नाही. ज्या दिवशी नोंद, त्या दिवशी बोजा. म्हणजे डिसेंबरच्या देण्यासाठी फेब्रुवारीत तारण दिल्यासारखं झालं." मग १४ एप्रिलपासून मागे नव्वद दिवस मोजत त्या १४ जानेवारीवर आल्या. २ फेब्रुवारी त्याच्या आत होती.

या मुदतीलाही इतिहास आहे. मिसुरीतल्या एका बाईंनी १९९४ च्या ऑगस्टमध्ये कर्जावर गाडी घेतली, आणि कर्ज देणाऱ्यानं लीनचा अर्ज टपालात टाकला एकविसाव्या दिवशी. नवी गाडी घ्यायला दिलेल्या कर्जाला तेव्हा वीस दिवसांची सवलत होती. राज्याच्या कायद्यात तीस दिवस आहेत, आम्ही त्यात बसतो, असं त्या कंपनीचं म्हणणं. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९९८ च्या जानेवारीत सगळ्या न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की वीस म्हणजे वीस, राज्य काहीही म्हणो. एका दिवसावरून. पुढे २००५ च्या दुरुस्तीत ते तीस दिवस झाले. आमच्या सावकारानं त्याच्याही वर बावीस दिवस घालवले होते.

बाईंनी मग पेन्सिल खाली ठेवली आणि जी गोष्ट सांगितली ती मला सगळ्यात जास्त लागली. २ फेब्रुवारीपासून नव्वद दिवस ३ मे रोजी संपत होते. आम्ही १४ एप्रिलऐवजी ४ मेला अर्ज टाकला असता, तर ओडिसीच्या लीनला कुणी हात लावला नसता. वीस दिवस. पगारातून आणखी दोनेक कापण्या झाल्या असत्या, एवढंच. टायटल ऑफिसातून नोंदीची प्रत मागवायला किती वेळ लागतो? बाई म्हणाल्या, ती प्रत मी आधी मागवायला हवी होती. त्यांनी कारणं दिली नाहीत, सरळ चूक मान्य केली, आणि पुढच्या कामाचे पैसे लावले नाहीत. मला त्यांचा राग आला होता. पण कर्ज फिरवताना मी स्वतः तरी कुठे विचारलं होतं की नोंद झाली का?

तुम्हाला वाटेल, सावकाराचा बोजा रद्द झाला तर बरंच की, गाडी मोकळी झाली. आम्हालाही क्षणभर तसंच वाटलं. नवरा म्हणालासुद्धा, "म्हणजे हप्ता नाही?" तसं होत नाही. ट्रस्टीनं बोजा उलटवला की तो नाहीसा होत नाही, दिवाळखोरीच्या मालमत्तेसाठी जपून ठेवला जातो. सावकाराच्या पाटावर ट्रस्टी येऊन बसतो. ओडिसीची किंमत एकवीस हजार, बोजा १९,४०० चा. ते १९,४०० आता सगळ्या घेणेकऱ्यांच्या वाट्याचे झाले.

आणि सूट? ओहायोत माणसामागे एका गाडीच्या ठरावीक किमतीला हात लावता येत नाही, तेव्हा ती रक्कम ४,४५० डॉलर होती. कॅम्रीवर ती लावता येईल अशी आम्हाला आशा होती. तीही गेली. ट्रस्टीनं परत मिळवलेल्या वस्तूवर देणेदाराला सूट तेव्हाच मिळते, जेव्हा ती वस्तू त्याच्याकडून त्याच्या मनाविरुद्ध गेलेली असते. कोर्टाच्या हुकमानं कुणी गाडीवर टाच आणली असती, तर सूट मागता आली असती. आम्ही तर स्वतःच्या पायांनी टायटल ऑफिसात गेलो होतो, पंधरा डॉलर मोजून. तो लीन चढवलाच नसता, तर गाडीच्या पहिल्या ४,४५० डॉलरवर कुणाचा हक्क नव्हता. भावासाठी म्हणून जे केलं त्यानं भावाचं काही वाचलं नाही, आणि आमचं हक्काचं गेलं.

ऑगस्टमध्ये ट्रस्टीनं दोन दावे लावले. एक सावकारी संस्थेवर, एक भाऊजींवर.

संस्थेनं आधी पत्रातून वाद घातला. आम्ही जुन्या बँकेच्या जागी आलो, बोजा तेवढाच होता, इतर घेणेकऱ्यांचं यात काय नुकसान झालं, असं तिचं म्हणणं. ऐकायला पटण्यासारखं आहे. पण ओहायो ज्या सहाव्या सर्किटमध्ये, म्हणजे केंद्रीय अपील कोर्टाच्या विभागात, येतं, तिथल्या अपील कोर्टानं २००८ मध्ये एका मिशिगनच्या घरकर्जात हेच म्हणणं फेटाळलं होतं. जुना बोजा उतरला आणि नवा उशिरा चढला, तर मधल्या काळात मालमत्ता कागदावर मोकळी होती, आणि मग नव्या बोजाला नवाच म्हणायचं. नवी गाडी घेण्यासाठीच्या कर्जाला असलेली सवलत इथे लागूच नव्हती, कारण हे कर्ज गाडी घ्यायला दिलेलं नव्हतं. दोन महिन्यांत संस्थेनं लीन सोडून दिला.

भाऊजींचा दावा मात्र घरातला होता.

समन्सचा लिफाफा एडिसनला पोचला त्या दिवशी जावेनं तो उघडला. वर ट्रस्टीचं नाव, 'विरुद्ध' लिहून खाली माझ्या दिरांचं. संध्याकाळी भाऊजींचा फोन आला.

"वहिनी, कोर्टाचा कागद आलाय. माझ्यावर केस केलीये. दादाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं, भाऊजी. येईल असं बाई म्हणाल्या होत्या."

"मग मला सांगायचं तरी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मार्चपासून नवरा रोज म्हणायचा, आज सांगतो, आणि रोज राहून जायचं. शेवटी मीही सांगितलं नाही. या सगळ्यात आम्ही खरंच चुकलो असू, तर इथे. लीन चढवला तेव्हा त्याच दुपारी फोटो पाठवला, आणि तो उतरणार हे मात्र त्यांना कोर्टाच्या पाकिटातून कळलं. दोन दिवसांनी साताऱ्याहून सासूबाईंचा फोन. "भावाभावांत कोर्ट आलं का रे?" एवढंच त्यांनी विचारलं. नवऱ्यानं त्यांना तासभर समजावलं की मी केस केली नाही, सरकारनं नेमलेल्या माणसानं केली. त्यांना ते पटलं की नाही, सांगता येत नाही.

भाऊजींनी न्यू जर्सीत एका वकिलाला तासभर भेटून घेतलं. त्यानं एक मुद्दा सांगितला: शेवटच्या ९० दिवसांत माणूस नादार होता असं कायदा धरूनच चालतो, पण त्याच्या मागच्या काळासाठी ट्रस्टीला ते सिद्ध करावं लागतं. २ सप्टेंबरला दादा नादार होता हे त्याला दाखवू दे.

ते दाखवायचं कशावरून, तर आमच्याच कागदांवरून. ट्रस्टीनं ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२२ ची बँक खाती, दुकानाची वही, मालाच्या थकीत बिलांची यादी मागितली. देणं आम्हाला भागच होतं. त्या शनिवारी नवरा दुकानाची निळी वही काढून बसला. एका बाजूला २ सप्टेंबरला जवळ काय होतं: शेल्फवरचा माल, दोन फ्रीझर, बँकेतले अकराशे डॉलर, कॅम्री. दुसऱ्या बाजूला देणी. मालाची किंमत लिहिताना त्याचा हात थांबायचा, कारण आपण किती दिलं ते लिहायचं नव्हतं, विकायला काढलं असतं तर काय आलं असतं ते लिहायचं होतं. तूरडाळीची पोती, मुदत संपत आलेले मसाले. शेवटी खाली बेरीज आली, आणि देणी जवळजवळ पाचपट निघाली. सप्टेंबरात गिऱ्हाइकाशी हसून बोलत होतो, नवरात्राचा माल मागवत होतो, तेव्हाच आमचं दिवाळं निघालेलं होतं. त्यानं वही मिटली आणि बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसला. मी चहा केला. तो तसाच निवला.

भाऊजींना मदत झाली ती एका व्हॉट्सॅप मेसेजची. १९ ऑक्टोबर २०२२. भाडं थकलं होतं म्हणून त्यांनी आणखी २ हजार पाठवले होते, आणि खाली लिहिलं होतं, 'हे वेगळे, आधीच्यात धरू नकोस'. लीनचा करार फक्त पहिल्या चौदा हजारांचा होता. प्रेफरन्स मिळाल्यानंतर घेणेकऱ्यानं विनातारण नवे पैसे दिले असतील, तर तेवढी रक्कम त्याच्या बाजूनं वजा होते. ज्यानं बुडत्याला नंतरही हात दिला त्याचा कायदा तेवढा विचार करतो. आम्ही तो मेसेज शोधून दोन्ही वकिलांना पाठवला. ट्रस्टीनं ते दोन हजार मान्य केले, भाऊजींनी लीन सोडल्याच्या कागदावर सही केली, आणि दावा तिथेच मिटला. सुनावणी झाली नाही.

तोवर आमचा डिस्चार्ज होऊन गेला होता, म्हणजे देण्यांतून आम्ही मोकळे झालो होतो. पण डिस्चार्ज झाला म्हणून प्रकरण संपत नाही. गाड्यांचं काम ट्रस्टीकडे पुढे वर्षभर चाललं. ओडिसी नोव्हेंबरात लिलावात गेली, १७,८०० डॉलरला. न्यायला माणूस आला त्याच्या आदल्या रात्री मी मागच्या सीटखालून मुलांच्या जुन्या वस्तू काढल्या. क्रेयॉन, एक मोजा, गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला घातलेल्या फेट्याची केशरी पट्टी.

कॅम्री मात्र जाऊ द्यायची नव्हती. कोलंबसमध्ये गाडी नसेल तर रात्रपाळीला पोचताच येत नाही. बाईंनी ट्रस्टीशी बोलणी केली: गाडी लिलावात काढण्यापेक्षा ती आम्हालाच विक. वाहतूक, लिलावाचं कमिशन हे सगळं धरून ९ हजारांवर ठरलं, महिना ९०० प्रमाणे दहा हप्ते. अर्जानंतरचा पगार आमचाच असतो, त्यातून ते भरले. घेणेकऱ्यांना एकवीस दिवसांची नोटीस गेली, कुणी हरकत घेतली नाही, कोर्टानं मंजुरी दिली. ट्रस्टीबद्दल लोक वाईट बोलतात. मला तो माणूस कोरडा वाटला, पण सरळ. एका महिन्यात आमचा हप्ता आठ दिवस उशिरा गेला, त्यानं त्याचं काही केलं नाही.

प्रकरण २०२४ च्या डिसेंबरात बंद झालं. दोन गाड्यांचे मिळून २६,८०० आले. त्यातून भाऊजींचे दोन हजार, ट्रस्टीचं कमिशन आणि त्याच्या वकिलाची फी गेली, आणि उरलं ते सगळ्यांत वाटलं. रुपयाला नऊ पैसे पडले. लीन गेल्यावर भाऊजी साध्या घेणेकऱ्यांच्या रांगेत आले होते. चौदा हजारांवर त्यांना १,२६० डॉलरचा चेक आला. जागामालकालाही त्याच दरानं, कार्डवाल्यांनाही, आणि चेन्नईच्या त्या म्हाताऱ्या सप्लायरलाही, ज्यांनी आम्हाला शेवटपर्यंत उधारीवर इडलीचा तांदूळ दिला आणि ज्यांचा आम्ही सप्टेंबरात एकदाही विचार केला नव्हता. त्यांचे चार हजार होते. आम्ही भावाला वाचवत होतो, तेव्हा ते कुणाच्या वाट्यातून वाचवत होतो, हे मला त्या वाटणीच्या तक्त्यात त्यांचं नाव वाचताना कळलं.

पुण्याचा माझा भाचा सीए आहे. तो म्हणाला, आपल्याकडेही २०१६ च्या कायद्यात कंपन्यांसाठी हेच कलम आहे, संबंधितांना दोन वर्षं आणि बाकीच्यांना एक. मी त्याला म्हटलं, तुझ्याकडे कुणी भावाच्या नावानं काही करायला आला, तर त्याला आधी सगळ्या घेणेकऱ्यांची नावं लिहायला बसव.

कॅम्रीचं नवं टायटल जानेवारीत हातात आलं. तेच ऑफिस, काचेमागे या वेळी एक तरुण मुलगा. मालकाच्या नावाखालची चौकट रिकामी.

डिस्चार्ज झालेलं देणं फेडायची सक्ती नसते, पण आपण होऊन फेडायला बंदीही नाही. बाईंना आम्ही हे मुद्दाम विचारून घेतलं. भाऊजींचे १२,७४० राहिलेत. फेब्रुवारीपासून महिना अडीचशे पाठवतो. चेन्नईच्या काकांना पन्नास. पहिल्या महिन्यात भाऊजींनी पैसे परत पाठवले. नवऱ्यानं पुन्हा टाकले आणि फोन करून म्हणाला, "राहू दे." त्यानंतर त्यांनी परत पाठवले नाहीत.